डॉक्टरांनी घेतलेली माझी खोली

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी, ग्लासगोतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, पन्नास-साठ लोकांसमोर, आमच्या डॉक्टरांनी माझी गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि शेजारी बायको होती.

गोष्ट बुटांची होती. डॉक्टर म्हणाले, या देशात नवीन आलो तेव्हा हॉस्पिटलची नोकरी लागेपर्यंत काही आठवडे मी याच इमारतीत राहिलो. तेव्हा हे गरीब कामगारांचं लॉजिंग होतं. पहिल्या संध्याकाळी सवयीप्रमाणे बूट काढून खोलीच्या दाराबाहेर ठेवले, कारण झोपतो तिथे पायताण न्यायचं नाही असं आमच्याकडे मानतात. सकाळी पाहतो तर बूट गायब. शेजारच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्याने आपले बूट दिले आणि एक युक्ती शिकवली. झोपताना पलंगाचे दोन पाय बुटांत उभे करायचे. मग पलंग उचलल्याशिवाय बूट कोणाला नेता येत नाहीत, आणि पलंगावर तर आपणच असतो.

लोक आधी हसले, मग टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईने डोळे टिपले. माझी बायको टाळ्या वाजवत म्हणाली, "किती सोसलंय हो डॉक्टरांनी! आणि कधी एका शब्दाने बोलले नाहीत."

"हो ना," मी म्हणालो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

डॉक्टर त्या इमारतीत एक दिवस झोपलेले नाहीत. ते विमानतळावरून थेट हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये गेले. तिथे गरम पाणी होतं आणि चादरी बदलायला बाई होती. त्या इमारतीत चौदा महिने मी झोपलो. बूट माझे गेले.

ही इमारत गेल्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली, तांबड्या दगडाची, चार मजली. गोदीत आणि जहाजांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांसाठी. कामगार संपले, तरी ती इतरांसाठी चालूच राहिली आणि वीस-एक वर्षांपूर्वी बंद पडली. आता एका ट्रस्टने वर छोटे फ्लॅट काढलेत, खाली हॉल केलाय, आणि पहिल्या मजल्यावरची खोल्यांची एक ओळ जशीच्या तशी ठेवली आहे. आत जायचं, पलंगावर बसायचं, हेडफोन लावायचे आणि तिथे राहून गेलेल्या माणसांचे आवाज ऐकायचे, अशी कल्पना. डॉक्टर त्या ट्रस्टवर आहेत. असतीलच. ग्लासगोत कुठल्याही कमिटीवर एक भारतीय हवा असला की डॉक्टरांना फोन जातो. त्यांची बुटांची गोष्ट रेकॉर्ड झाली होती आणि नोव्हेंबरात उद्घाटन झालं की त्यांतल्या एका खोलीत कायमची वाजणार होती.

मला ती परत हवी होती. अडचण एकच होती. मी त्या इमारतीत राहिलो होतो हे माझ्या बायकोला माहीत नव्हतं.

डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आधीपासून काय होतं ते सांगून टाकतो. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. माझं सगळं मी हाताने केलं. आधी रविवारच्या बाजारात टेबल लावून मोजे आणि छत्र्या विकल्या, मग पडकी घरं घेऊन नीट केली, आज चार घरांतल्या खोल्या भाड्याने देतो. घासाघिशीत मला या शहरात कोणी हरवलेलं नाही. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट पहिलं कोणाच्या हातात जातं? डॉक्टरांच्या. हॉलचं भाडं कमी करून आणायला मी, आणि आभार मानायला स्टेजवर डॉक्टर. माझी मुलगी केंब्रिजला गेली तेव्हा लोकांनी डॉक्टरांचं अभिनंदन केलं, कारण तिच्या प्रवेशअर्जातलं पर्सनल स्टेटमेंट त्यांनी तपासलं होतं. आमच्या घरी दिवाळीचा पहिला डबा डॉक्टरांकडे जातो. न मोडलेले चिरोटे त्यांना, चुरा मला. त्यांच्याकडे सगळं होतं. फक्त गरिबी तेवढी माझ्याकडे होती, आणि ती त्यांनी टाळ्या घेऊन नेली.

आणि खरं सांगायचं तर त्यांनी ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. हे जास्त झोंबलं.

मी इचलकरंजीचा. बाप यंत्रमागावर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका कॉलेजच्या कोर्ससाठी आलो, पहिल्या टर्मची फी भरली आणि खिसा रिकामा झाला. बावीस वर्षांचा होतो. बसस्टेशनवरच्या सफाई कामगाराने पत्ता दिला, म्हणाला, सगळ्यात स्वस्त हेच.

खोली म्हणजे लाकडी फळ्यांचा खोका. पलंग, एक खुंटी, आणि पाठ वळवायची तर आधी दार उघडायला लागेल एवढी जागा. फळ्या छतापर्यंत नव्हत्या. वर तारेची जाळी ठोकलेली, शेजाऱ्याने चढून येऊ नये किंवा काठीला आकडा लावून कोट ओढू नये म्हणून. खुराड्यात असते तशी. अशा खोक्यांच्या रांगाच रांगा, आणि सगळ्यांची हवा एक. एकजण खोकला की ओळ खोकायची. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा आणि फिनेलचा वास माझ्या स्वेटरला इतका बसला होता की कॉलेजात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची.

सकाळी दहाला सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत खोलीकडे फिरकायचं नाही, असा नियम. पाऊस असो, बर्फ असो. मी लायब्ररीत जायचो. म्हातारे रेल्वे स्टेशनवर किंवा चर्चच्या पायऱ्यांवर बसायचे. तळमजल्यावर एक लांबलचक लोखंडी शेगडी होती, तिच्यावर सगळ्यांचा स्वयंपाक. मी भात टाकला की डुकराच्या चरबीत अंडी तळणारे दोघं-तिघं डोकावून बघायचे.

शेजारच्या खोलीतला म्हातारा सत्तरीचा असेल. जहाजांना रिव्हेट मारायचं काम करून अर्धा बहिरा झालेला, त्यामुळे तो कुजबुजला तरी मजल्याला ऐकू जायचं. त्याचा बापही तरुणपणी, पहिल्या महायुद्धाच्या आधी, याच इमारतीत राहिला होता. बापाने त्याला सांगितलेलं तो मला सांगायचा. तेव्हा इथे जागा मिळणं म्हणजे चैन होती. इथे निदान पलंग एकट्याचा. बाहेर टेनमेंटमध्ये एका खोलीत आठ माणसं, एक पाळी कामावरून आली की दुसरी उठायची, अंथरूण कधी गार व्हायचं नाही. म्युनिसिपालिटीने दारांवर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या, आत किती माणसं झोपू शकतात ते लिहिलेल्या. तपासणीस आला की जादा माणसं छपरावर, कपाटात, पलंगाखाली. आज माझ्या घरांनाही कौन्सिलचा परवाना लागतो, किती माणसं ते लिहिलेला. मी त्यात एकही जादा घालत नाही. त्या म्हाताऱ्याचं ऐकलेलं आहे म्हणून.

आता बुटांचं. पहिल्या दिवशी मी बूट दाराबाहेर काढून ठेवले ते संस्कारबिंस्कार म्हणून नाही. हात आपोआप गेले. घरात शिरताना चप्पल बाहेर, एवढंच अंगात होतं. जोडीने, टाचा भिंतीकडे, नीट लावून ठेवले. कॅनव्हासचे होते. सकाळी नव्हते.

इथवर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. पुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्याने मला बूट दिले नाहीत. मी घेतले. सकाळी अनवाणी खाली गेलो, तर शेगडीजवळ त्याचे बूट वाळत ठेवलेले होते. तो न्हाणीघरात दाढी करत होता. बाहेर बर्फ वितळून चिखल झालेला, आणि मला अकरा वाजता एका गोदामात कामासाठी भेटायचं होतं. ते काम गेलं असतं तर मी आठवड्याभरात तिथूनही बाहेर पडलो असतो. मी बूट घातले आणि बाहेर पडलो. दोन नंबर मोठे होते. कोपऱ्यावर थांबून वर्तमानपत्राचे बोळे घातले. काम मिळालं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा तो शेगडीजवळ मोज्यांवर बसला होता. त्याला दिवसभर बाहेर पडता आलं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने नियम मोडून त्याला आत बसू दिलं होतं. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि आपल्या चहाकडे वळला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच, मोज्यांवर. तिसऱ्या दिवशी त्याने चर्चमधून कुठले तरी बूट मिळवले आणि सकाळी माझ्या दाराशी येऊन, म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "नाडी घट्ट बांध रे पोरा. मोठे आहेत तुला." मग आत येऊन पलंगाचे पाय बुटांत कसे घालायचे ते दाखवलं. खाली वाकताना त्याला धाप लागली होती.

मी माफी मागितली नाही. चौदा महिने त्याच्या शेजारी झोपलो आणि मागितली नाही.

त्याच चौदा महिन्यांत मंडळाच्या गणपतीत डॉक्टरांची ओळख झाली. मी जेवायला गेलो होतो, दर्शनाला नव्हे. त्यांनी कुठे राहतोस विचारलं आणि मी एकट्या त्यांनाच खरं सांगितलं, बुटांसकट. चोरी सोडून. पुढे माझ्यासाठी साताऱ्याचं स्थळ आलं. मुलीच्या काकांनी चौकशीसाठी परदेशातला एक भरवशाचा मराठी माणूस शोधला आणि पत्र लिहिलं. ते पत्र डॉक्टरांकडेच जाणार होतं, दुसरीकडे कुठे? डॉक्टरांनी उत्तर पाठवलं: मुलगा सज्जन, कष्टाळू, आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतो. त्या एका ओळीवर माझं लग्न ठरलं. अशा चौकशीत आपली माणसं थोडं वाढवून सांगतातच. पण लग्नानंतर ते खाली कोणी आणत नाही. जे सांगितलं ते तसंच राहतं, आणि मग त्याला जपावं लागतं.

मी जपलं. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांच्या घरी, पंधरा माणसांत, बुटांची गोष्ट मीच रंगवून सांगितली. "माझ्या एका ओळखीच्या माणसाचं झालं" म्हणून. बायको समोर होती. सप्टेंबरात तिला वाटलं असणार, तो ओळखीचा माणूस म्हणजे डॉक्टरच.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारनंतर आठ दिवस मी दात खाऊन काढले, मग डॉक्टरांकडे गेलो. ते मागच्या काचेच्या खोलीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"ये, ये. चहा टाकू?"

"चहा नको. माझी गोष्ट द्या."

त्यांनी झारी खाली ठेवली. निदान नाटक केलं नाही. "बस तर खरं."

"बसत नाही. तुम्ही कधी पाय ठेवला होता त्या इमारतीत?"

"ट्रस्टवर आल्यावर."

"मग?"

"मग काय? त्यांनी विचारलं, तुमचा काही अनुभव? सुरुवातीचे दिवस? सगळे बघत होते माझ्याकडे." ते खुर्चीत बसले. "काय सांगू? क्वार्टर्समध्ये उकडलेली अंडी खाल्ली, परीक्षा दिल्या, घर घेतलं? एकोणपन्नास वर्षांत माझं काही झालंच नाही रे सांगण्यासारखं. तुझं झालं. मला तर तेव्हापासून हेवा वाटतो तुझा."

माझा हेवा! हे ऐकून मला आणखीच राग आला. हेवा माझा होता, इतक्या वर्षांचा. त्यातही त्यांना वाटा हवा होता.

"अहो, पण ती माझी आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं. पण तू ती सोडली होतीस. याच घरात, चारचौघांत म्हणालास, ओळखीच्या माणसाची. मी तेव्हा बोललो काही? गप्प बसलो. तुझ्यासाठी."

"सोडली नव्हती. झाकली होती."

"बरं." डॉक्टर चष्मा पुसायला लागले. रोग्याला वाईट बातमी सांगतानाचा त्यांचा आवाज मी ओळखतो. "मग व्यवहाराचंच बोलू, तुला तेच कळतं. मी तेव्हा तुला माझी वरची खोली दिली. एक दिवस न राहता. तिच्यावर तुझा संसार उभा राहिला. आता मी तुझी खोली घेतली, एक दिवस न राहता. फिटंफाट."

तीस वर्षं मी लोकांना खिंडीत गाठून भाव पाडलाय. समोरच्याचा सौदा बरोबर असला की मला लगेच कळतं. हा बरोबर होता. मला ती कुंडी उचलून काचेवर मारावीशी वाटली.

"तुला परत हवी असेल तर मी आज फोन करून माझं रेकॉर्डिंग काढायला लावतो," ते म्हणाले. "पण मग तुझं लावतील. आणि उद्घाटनाला तुझी बायको पहिल्या रांगेत असणार. बघ बुवा. तू ठरव."

मी दार आपटून निघालो. गाडीत बसल्यावर आठवलं, बूट त्यांच्या पायपुसण्यावर राहिले होते. परत जाऊन घ्यावे लागले. ते दारातच उभे होते. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

बायकोला सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. दिवाळी तोंडावर आलेली, ती ओट्यापाशी डॉक्टरांचा डबा भरत होती. चिरोटे एकेक करून, मध्ये कागद घालून. ते बघून माझ्या तोंडातून निघून गेलं.

"मी कधी त्यांच्या घरी राहिलो नव्हतो."

"कोणाच्या?"

"डॉक्टरांच्या. वरची खोली वगैरे काही नाही. मी त्या लॉजिंगमध्ये होतो. चौदा महिने. ते बूट माझे."

तिने हातातला चिरोटा डब्यात न ठेवता ताटलीत ठेवला. मग म्हणाली, "आणि पडदे?"

"कसले पडदे?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा डॉक्टरांच्या घरी वहिनींनी मला वर नेऊन खोली दाखवली. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला निळे पडदे आवडायचे म्हणून आम्ही बदलले नाहीत. मी तिथे उभी राहून रडले होते, अहो! म्हटलं किती जीव लावला या लोकांनी."

"त्या तुला बरं वाटावं म्हणून…"

"म्हणजे त्यांना माहीत, डॉक्टरांना माहीत. सगळ्या जगाला माहीत, माझा नवरा कुठे झोपत होता ते. मी तेवढी येडी! तेहतीस वर्षं डबे पोचवतेय!"

"लॉजिंगचं कळलं असतं तर तुझ्या काकांनी हो म्हटलं असतं का?"

"काकांचं सोडा. माझं बोला. मला विचारलं होतं तुम्ही?" ती पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि आज का सांगताय? लाज संपली म्हणून नाही. ती गोष्ट डॉक्टरांकडे गेली म्हणून. ते टाळ्या घेऊन आले म्हणून तुम्हाला ती आता हवीशी झाली."

घासाघिशीत समोरच्याने खरा भाव ओळखला की गप्प बसायचं, हा माझाच नियम आहे.

"फोन करा त्यांना," ती म्हणाली. "काढू द्या त्यांचं. आणि तुम्ही जाणार असाल तिथे, तर मी येणार."

रेकॉर्डिंग घेणारी मुलगी पंचविशीची असेल, ग्लासगोचीच, बोटांना शाई लागलेली. तिने आम्हाला त्या जुन्या ओळीतल्याच एका खोलीत बसवलं. पलंगावर मी आणि बायको, दारात स्टुलावर ती. बायकोने वर जाळीकडे पाहिलं, मग फळीला हात लावून पाहिला.

मी सांगितलं. कॅनव्हासचे बूट, दाराबाहेर, सकाळी गायब. मुलीने मध्येच मान वाकडी केली. ती फार सभ्य होती.

"माफ करा, पण हे डॉक्टरांच्या अनुभवाशी किती जुळतं! त्यांनी परवा त्यांचं मागे घेतलं, कारण नाही सांगितलं. बऱ्याच जणांच्या बाबतीत असं होत असेल, नाही?"

म्हणजे मी नक्कल करणारा ठरलो. माझ्याच खोलीत, माझ्याच पलंगावर. मी तावातावाने काही बोलणार होतो, की तो माणूस खोटारडा आहे, इथे कधी राहिलाच नाही. जिभेवर आलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती.

मुलीने विचारलं, "आणि तुम्हालाही शेजाऱ्यानेच बूट दिले?"

डॉक्टरांकडे माझी सगळी गोष्ट होती. दाराबाहेरच्या टाचांपासून पलंगाच्या पायांपर्यंत. एवढंच काय ते त्यांच्याकडे नव्हतं. हो म्हणालो असतो तर ती जशी त्यांची, तशी माझी. कोणाचीही.

"नाही," मी म्हणालो. "दिले नाहीत. मी चोरले."

मग शेगडी, दाढी, वर्तमानपत्राचे बोळे, तो दोन दिवस मोज्यांवर बसलेला, सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगत होतो, मध्येच मराठी व्हायचं, मग बायको हळूच इंग्रजी शब्द पुरवायची. तिचा आवाजही त्यात आला आहे. म्हातारा वाकला तेव्हा त्याला धाप लागली होती, तिथे मी थांबलो. मुलगी म्हणाली, "तुम्ही नंतर कधी त्यांना काही बोललात?" मी नाही म्हणालो. तिने विचारलं, हे असंच ठेवू का, पाहिजे तर शेवटचा भाग काढता येईल. मी नेहमीप्रमाणे विचार करायला वेळ मागितला. मग लगेच म्हणालो, ठेवा.

घरी येताना ट्रेनमध्ये बायको खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाच बोलली. "त्याचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. तिथे कोणी विचारायचं नाही.

उद्घाटनाला भरपूर माणसं आली. डॉक्टर भाषणात दोन मिनिटं बोलले, फक्त निधी आणि छपराच्या दुरुस्तीबद्दल. टाळ्या बेताच्याच पडल्या, आणि मी त्या ऐकल्या. मग लोक वर खोल्या बघायला गेले. माझ्या खोलीतून एक बाई हेडफोन काढून बाहेर आली. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हेच ते. ती हसली आणि हसता हसता तिने पर्स माझ्याकडच्या खांद्यावरून पलीकडच्या खांद्यावर घेतली. डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी ते पाहिलं.

"हे तू मला सांगितलं नव्हतंस," ते म्हणाले.

"नाही."

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी पत्र लिहिलं नसतं कदाचित."

"म्हणूनच."

त्यांनी मान हलवली. त्यांना नातवाला घ्यायला जायचं होतं. जाताना चार लोकांनी त्यांना अडवून हात मिळवला, माझ्याशी कोणी मिळवला नाही. पोटात दुखायचं ते दुखलंच. आता ती गोष्ट माझी झाली म्हणून ते थांबेल असं मला उगीच वाटलं होतं.

बायको आत गेली ती बाहेर येईना. मी दारातून पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून, डोळे मिटून. संपलं की पुन्हा बटण दाबत होती. खाली चहा आणि केक संपत आले होते, लोक कोट शोधत होते. मी दोनदा हाक मारली. तिने डोळे न उघडता, थांबा जरा, असा हात केला.

घरी मी एक वाक्य बोललो तर अर्ध्यात टीव्ही लावणारी बाई ही. त्या बावीस वर्षांच्या चोराचं मात्र ती चौथ्यांदा ऐकत होती. मला त्याचा भयंकर हेवा वाटला. मी बाहेर फळीला टेकून उभा राहिलो आणि तिचं ऐकून होईपर्यंत थांबलो.